चूल सामाईक, हिशेब कोणाचा?

दरवर्षी सप्टेंबर उजाडला की सातपुड्यातील अंगणवाड्यांच्या ओट्यांवर रांगोळ्या निघतात. केंद्र सरकारने २०१८ साली पोषण अभियान सुरू केले, तेव्हापासून हा महिना 'पोषण माह' म्हणून साजरा केला जातो. 'साजरा' हा शब्द आमचा नव्हे, सरकारी फलकांवरचा आहे. कार्यक्रमाचे स्वरूप ठरलेले असते. वस्तीतील बायाबापड्यांना एकत्र बोलवावे, त्यांच्यासमोर चूल पेटवावी, शेवग्याच्या पाल्याचे थालीपीठ, नागलीचे लाडू, मोड आलेल्या कडधान्याची उसळ असे चार पदार्थ करून दाखवावेत, अन्न वाया कसे घालवू नये यावर भाषण द्यावे आणि शेवटी सामुदायिक छायाचित्र काढावे. स्त्रियांनी एकत्र बसून रांधावे, चांगले खावे आणि नासाडी टाळावी, या गोष्टीला विरोध कोण करील? आम्हीही करीत नाही. विरोध आहे तो तिच्या आड जे लपवले जाते त्याला.

अक्राणी तालुक्यातील एका पाड्यावर झालेले असे एक प्रात्यक्षिक प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. तालुक्याच्या गावाहून आलेल्या मार्गदर्शक बाई सालस होत्या, तळमळीनेही बोलत होत्या. त्यांनी भाजीची देठे फेकू नका, डाळ शिजवलेले पाणी ओतून देऊ नका, उरलेल्या भाकरीचा उपयोग करा, असे समजावून सांगितले. समोर तीसेक बाया उकिडव्या बसल्या होत्या. त्यांपैकी एका म्हातारीने पावरी बोलीत काहीतरी विचारले आणि सगळ्या जणी हसल्या. अंगणवाडी सेविकेने आधी ते सांगायचे टाळले. आग्रह केल्यावर तिने मराठीत अर्थ सांगितला. म्हातारी विचारीत होती, ताई, आमच्या घरी भाकर उरते हे तुम्हांला कोणी सांगितले?

या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पाककृतीच्या पुस्तिकेत मिळणार नाही.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास भरली आणि तीत शंभरातील एकोणसत्तर माणसे आदिवासी होती. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, तडवी अशा जमातींची ही वस्ती आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या जिल्ह्यातील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. या मुलांच्या आया अन्नाची नासाडी करतात म्हणून ती वाळली, असे उघडपणे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. पण नासाडी टाळण्याचा धडा ज्यांच्यासमोर गिरवला जातो, त्यांच्याकडे नासाडीचा दोष आपोआप जातो. भाषणाला ते बोलून दाखवावे लागत नाही.

सातपुड्यातील बाई काय वाया घालवते ते एकदा पाहावे. आंबा पिकण्यापूर्वी गळला तरी ती त्याच्या चकत्या करून खडकावर वाळवते आणि त्याचे आमचूर होते. धडगावचे आमचूर दूरच्या बाजारपेठांत जाते ते तिच्या बोटांच्या जिवावर, आणि त्याचा भाव ठरवतो व्यापारी. अंबाडीची पाने ती भाजीत घालते, बिया कुटते, काड्यांचा वाख काढते. पावसाळ्यात रानातील टाकळा, कुर्डू, बांबूचे कोंब पहिले कोणत्या उतारावर उगवतात हे तिला पाठ असते. भगर, बंटी, मोर ही बारीक धान्ये तिच्या सासूने कणगीत राखली म्हणूनच आज कृषिशास्त्रज्ञ बियाणे मागायला तिच्या दारी येतात. सरकारचा कृषिविभाग अलीकडे ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो. तेथे शहरातील पाहुण्यांना रानभाज्यांचे गुण सांगितले जातात आणि ज्या बाईने त्या खुडून आणल्या ती मंडपाच्या कडेला टोपलीजवळ बसून असते. काटकसर शिकवायचीच असेल तर शिकवणारे आणि शिकणारे यांच्या जागा बदलाव्या लागतील.

मग या देशात अन्न वाया घालवते कोण? २०१० साली सरकारी गोदामांबाहेर धान्य कुजत होते, तेव्हा ते कुजवण्यापेक्षा गरिबांना वाटा, असे सर्वोच्च न्यायालयाला केंद्र सरकारला सांगावे लागले. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत मजूर उपाशीपोटी पायी घरे गाठत असताना, अन्न महामंडळाच्या जादा तांदळापासून इथेनॉल करण्यास केंद्राने मान्यता दिली. त्या वाटेवर आपल्या जिल्ह्यातले मजूरही होते. ज्या राज्यव्यवस्थेला धान्य मोटारीच्या टाकीत ओतता येते पण मजुराच्या थाळीत वाढता येत नाही, तिने पावरा बाईला डाळीच्या पाण्याचा हिशेब विचारावा, यापरता दंभ कोणता?

शिधापत्रिकेवर काय मिळते तेही पाहावे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य ठरवून दिले. हा कायदा लढून मिळाला आहे आणि त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पण त्यात डाळ नाही, तेलही नाही. महाराष्ट्र सरकारने २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल यांची पिशवी दिली आणि तिला 'आनंदाचा शिधा' असे नाव ठेवले. म्हणजे गरिबाच्या घरी डाळ आणि तेल ही सणासुदीची वस्तू आहे, हे सरकारने स्वतःच छापून दिले. प्रात्यक्षिकातील थालीपीठाला मात्र तेल लागते, उसळीला कडधान्य लागते, लाडवाला गूळ आणि शेंगदाणे लागतात. साहित्य कार्यालयातून येते, त्या एका दिवसापुरते. दुसऱ्या दिवशी बाईच्या हाती कृती उरते आणि डबे रिकामे असतात.

याच्याही मागे जंगलाचा प्रश्न आहे, आणि तो स्वयंपाकाचाच प्रश्न आहे. मोहाचे फूल हे आदिवासींचे अन्न होते. ते वाळवून भाकरीत घालत आणि टंचाईच्या दिवसांत त्यावरच पोट भरत. ब्रिटिशांना त्यात फक्त दारूचा कर दिसला. १८९२ साली मुंबई इलाख्यात मोहफुलांबाबत खास कायदा झाला आणि ठाणे-कुलाब्याकडे फुले गोळा करणे हाच गुन्हा ठरला. स्वातंत्र्यानंतरही राज्यात मोहफुलांवर दारूबंदी कायद्याची नजर राहिली. संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरचे निर्बंध राज्य सरकारने उठवले ते २०२१ मध्ये. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या ताटातील अन्नाला चोरीचा माल म्हटले, त्यांनाच आता 'स्थानिक पौष्टिक आहारा'चे महत्त्व पटवून दिले जाते. २००६ च्या वनाधिकार कायद्याने जमीन आणि गौण वनोपज यांवरचा हक्क मान्य केला. पण ज्याचा दावा निकालात निघालेला नाही, तो आज पेरलेले पीक उद्या आपल्या हाती लागेल या भरवशावर कडधान्य कसे लावणार?

आणि दिवाळी सरली की पाडे ओस पडतात. नंदुरबार, धुळे आणि डांग येथून ऊसतोडीच्या टोळ्या दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे जातात. उचल आधीच घेतलेली असते. बाई पहाटे फडात उतरते आणि मूल पाचटाच्या ढिगाशेजारी झोपलेले असते. चूल तीन दगडांची, पाणी मिळेल ते, रात्री उशिरा भाकर आणि मिरचीचा ठेचा. ज्या महिन्यांत मुलाचे वजन घसरते त्याच महिन्यांत अंगणवाडीच्या पटावरची नावे कागदावरच राहतात. पावसाळ्याच्या अखेरीस दिलेले पोषणाचे धडे मुकादमाच्या उचलीपुढे किती दिवस टिकणार?

येथवर आमचे कार्यकर्ते संमतीने माना डोलावतील. पण हा लेख केवळ सरकारला उद्देशून नाही.

आपल्या पक्षातही एक समजूत रुजलेली आहे. स्वयंपाकाचे वर्ग, सामुदायिक चुली, पोषणाच्या बैठका हे सारे सुधारणावादी मंडळींचे काम, क्रांतिकारकाने त्यात वेळ घालवू नये. जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न सुटला की चुलीचा आपोआप सुटेल, असे आपले काही साथी सभांतून सांगतात. हे म्हणणे पुरुषी आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. ज्याला सभा संपल्यावर वाढलेले ताट मिळते, त्यालाच चूल दुय्यम वाटू शकते.

इतिहास काय सांगतो? १९७२-७३ च्या दुष्काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी आणि त्यांच्या सहकारी यांनी महागाईविरोधात स्त्रियांना रस्त्यावर आणले, ते थाळ्या आणि लाटणी घेऊन. स्वयंपाकघरातील हत्यारानेच मंत्र्यांची झोप उडवली. त्या संयुक्त आघाडीत समाजवादी होते, दोन्ही कम्युनिस्ट पक्षांच्या बाया होत्या, आणि कोणीही लाटण्याला सुधारणावादी म्हटले नाही. गिरणगावात कामगारांना खाणावळीचे जेवण घालणाऱ्या बाया सावकाराच्या पकडीत होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले आणि बँकेच्या कर्जावर हक्क सांगायला शिकवले. आपल्या शहाद्याचेच पाहा. अंबरसिंग महाराज सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली आणि पुढे श्रमिक संघटनेतून १९७० च्या दशकात येथील भिल्ल शेतमजूर जमीनदारांविरुद्ध उभे राहिले. त्या लढ्यात बायांनी स्वतः होऊन दारूची मडकी फोडली. तो कार्यक्रम कोणत्या पुढाऱ्याने आखून दिलेला नव्हता. घरात धान्य येण्याआधीच ते भट्टीवर जाते, हे ज्यांना रोज दिसत होते त्यांनी तो आखला होता.

परदेशातील उदाहरण हवे असेल तर पेरूची राजधानी लिमा घ्यावी. तेथील झोपडवस्त्यांत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून स्त्रियांनी सामाईक स्वयंपाकघरे उभी केली. धान्य एकत्र घ्यायचे, पाळीपाळीने रांधायचे आणि घरोघर हंडी न्यायची, अशी त्यांची पद्धत होती. १९८४ मध्ये लिमाचे डावे महापौर आल्फोन्सो बारान्तेस यांनी मुलांसाठी 'पेलाभर दूध' योजना काढली. बाया एवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी मोर्चे काढून १९८५ च्या आरंभी त्या योजनेला राष्ट्रीय कायद्याचे बळ मिळवून घेतले. मारिया एलेना मोयानो ही त्यांच्यातलीच एक. क्रांतीच्या नावाने बंदूक चालवणाऱ्या 'शायनिंग पाथ'ने १९९२ साली तिचा खून केला, कारण भुकेल्यांना जेवू घालणे त्यांच्या मते क्रांतीला मारक होते. आपल्या अतिशुद्ध साथींनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. पण त्याच लिमात दुसरीही गोष्ट घडली. १९९० मध्ये फुजिमोरी सरकारने एका रात्रीत भाव भडकू दिले, तेव्हा भुकेचा सारा भार याच चुलींवर पडला. बायांचे फुकटचे श्रम सरकारला सोयीचे ठरले. तेव्हा सामाईक चूल आपल्या हाती असली तर बळ देते आणि दुसऱ्याच्या हाती गेली तर वेठबिगारी होते. सगळा झगडा तिच्या मालकीचा आहे.

आपल्याकडे हा झगडा न्यायालयातही चालला. अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, तो गावातील महिला मंडळे आणि बचत गट यांच्याकडून घ्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये दिला होता. महाराष्ट्रात काय झाले? ठेकेदारच महिला मंडळाची साडी नेसून दारात उभे राहिले. कारखान्यात बनलेली, बंद पाकिटांतील पूड पाड्यापाड्यांवर पोहोचली. मुलांना तिची चव लागेना आणि कित्येक घरांत ती शेळ्यांपुढे गेली. अन्नाची नासाडी शोधायची असेल तर ती येथे शोधावी. बचत गटांना बाहेर ठेवणाऱ्या अटींची २०१६ ची निविदा अखेर फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, आणि हा खटला वैष्णोराणी महिला बचत गट या नावाने लढला गेला. बायांचा एक गट राज्य सरकारला न्यायालयात हरवू शकतो हे त्या निकालाने दाखवले. त्या निकालाची प्रत आपल्या किती तालुका कार्यालयांत आहे?

याहून जवळचे उदाहरण अमृत आहार योजनेचे आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने राज्य सरकारने २०१५ साली अनुसूचित क्षेत्रांत ती सुरू केली. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत बाईला अंगणवाडीत एक वेळ गरम आणि चौरस जेवण मिळावे, अशी ती योजना आहे. आदिवासी संघटनांनी वर्षानुवर्षे आवाज उठवल्यावाचून ती आली नसती. थाळीचा सुरुवातीचा दर बावीस रुपये होता, तो पुढे वाढवावा लागला. तीत आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती आहार समिती. निवडून आलेली स्त्री सभासद, लाभ घेणाऱ्या स्त्रिया आणि अंगणवाडी सेविका यांनी मिळून पैसा खर्च करायचा, माल घ्यायचा आणि जेवण रांधून घ्यायचे, अशी ही व्यवस्था आहे. म्हणजे चुलीची मालकी कागदावर बायांना मिळालेली आहे. ती ताब्यात घ्यायचे काम मात्र आपण केलेले नाही.

परिणाम समोर आहे. बहुतेक ठिकाणी समितीच्या बाईला आपण समितीवर आहोत हेच ठाऊक नसते. ती अंगठा उठवते, माल ठरलेल्या दुकानातून येतो, आणि पैसे महिनोन्‌महिने अडकले की सेविका उधारीवर किंवा स्वतःच्या तुटपुंज्या मानधनातून तेल-मीठ आणते. आणि एक गोष्ट अधिकाऱ्यांना फार खुपते. बाया अंगणवाडीत बसून जेवत नाहीत, डबा भरून घरी नेतात आणि तेथे तो चार मुलांत वाटला जातो. बैठकांतून याला शिस्तीचा अभाव म्हणतात. घरी तीन वर्षांचे पोर रिकाम्या ताटाशी बसलेले असताना आईने समोरचे अंडे एकटीने खावे, ही अपेक्षा कोणत्या हृदयाने केली जाते? आईला शिस्त लावण्यापेक्षा थाळीचा दर घरातील भुकेला पुरेल इतका करावा आणि धाकटी भावंडे त्याच पंगतीला बसवावीत. पूरक आहारासाठी केंद्राने २०१७ मध्ये मुलामागे दिवसाला आठ रुपये दर ठरवला आणि त्यानंतर कित्येक वर्षे तो हललाही नाही. शाळेतील अंड्याची कथाही अशीच. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरले, जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला, आणि द्यायचेच असेल तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगितले. ज्या गावचे लोक सहा महिने गुजरातच्या फडात असतात, तेथे लोकसहभाग म्हणजे काय?

सेविका आणि मदतनीस यांच्याविषयी वेगळे लिहावे लागेल, तरी येथे एवढे नोंदवतो. चूल पेटते ती त्यांच्या हातांनी. लाकडे आणणे, पाणी भरणे, भांडी घासणे हे सारे मदतनिसाचे काम, आणि सरकार तिला कामगार मानत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील अंगणवाडी कर्मचारी संपावर गेल्या आणि तो संप जानेवारीतही चालू राहिला, तेव्हा मुलांची उपासमार होते म्हणून त्यांनाच दोष देण्यात आला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तो खटला गुजरातेतील दाहोद या भिल्लबहुल जिल्ह्यातून आला होता. सामुदायिक स्वयंपाकाचे गोडवे गाणाऱ्यांनी रांधणाऱ्या बाईचे वेतन आधी ठरवावे.

सातपुड्यात आणि पलीकडे अलीराजपूरकडे 'लाह' नावाची रीत आहे. ज्याच्या शेतात काम असेल त्याच्याकडे सारी वस्ती राबायला जाते आणि त्या दिवशीचे जेवण त्याच्या घरी होते. मजुरी नाही, उपकारही नाही. उद्या तो दुसऱ्याकडे जातो. एकत्र रांधून एकत्र खाण्याची कल्पना या डोंगरात कोणी तालुक्याहून आणून देण्याची गरज नाही. ती येथलीच आहे. तिला सरकारी निधी, शिधा आणि हिशेबाची वही यांची जोड कशी द्यायची, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून येत्या पोषण महिन्यात आपल्या कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकांवर बहिष्कार घालू नये. त्यांनी तेथे जाऊन बसावे, आणि पुरुष कार्यकर्त्यांनी भाषण न करता पाणी भरावे. स्त्री कार्यकर्त्यांनी गावातील आहार समितीच्या सभासदांची नावे मागून घ्यावीत आणि ती त्या बायांना वाचून दाखवावीत. बँकेचे पुस्तक ओट्यावर उघडून शेवटचा पैसा केव्हा आला, माल कोणाकडून घेतला, दर काय लागला, हे सर्वांदेखत विचारावे. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट मिळतो. त्यातून स्वयंपाकाची खोली, भांडी आणि धुराड्यासाठी तरतूद व्हावी, असा ठराव ग्रामसभेत मांडावा. कडधान्य आणि तेल बाहेरच्या व्यापाऱ्याऐवजी गावातील बायांच्या गटांकडून घ्यावे, त्यातच भगर आणि बंटी पिकवणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळेल. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांची मुले जेथे जातील तेथील अंगणवाडीत त्यांचे ताट मांडले जावे, ही मागणी नंदुरबार आणि सुरत या दोन्ही जिल्ह्यांच्या कचेऱ्यांत एकाच दिवशी द्यावी. टोळ्या दिवाळीनंतर निघतात. तत्पूर्वी अक्राणी, अक्कलकुवा आणि तळोदे या तालुक्यांतील पाड्यांच्या याद्या जिल्हा कार्यालयात पोहोचल्या पाहिजेत.